घोंगडीत अडकलेला मासा

मला कापल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा जुना दोष आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईनं आधी माप घ्यावं, खडूनं खुणा कराव्यात आणि मग कात्री लावावी, असं कुणीही सांगेल. मी आधी कात्री लावते आणि मग विचार करत बसते. यापायी काही ब्लाउज बिघडले, एकदा नवऱ्याची चांगली पँट गुडघ्याशी संपली आणि एकदा आमच्या सासऱ्यांची घोंगडी कापली गेली. ब्लाउज आणि पँट मी कधीच विसरले. घोंगडीचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिच्यात एक मासा होता.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, त्या सुमारास आम्ही हिंगोलीत भाड्यानं राहत होतो. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवायची. खालच्या मजल्यावर एक बँकेतले साहेब राहत. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बाईंनी माशांची काचेची पेटी माझ्या गळ्यात मारली. त्यात चार सोनेरी मासे होते आणि एक काळा. काळा वीतभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा, तळ्यातल्या मांगुराचा लांबचा भाऊबंद. त्याचं तोंड खालच्या बाजूला होतं आणि दिवसभर तो काच चाटत बसायचा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे त्याला टणक काटे होते. चिडला की ते ताठ करायचा.

बाई फार व्यवस्थित. त्यांनी माशांची निगा कशी राखावी हे एका मोठ्या जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मी कागद हातात घेतला, कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बाहीचा नमुना काढायला कागद मिळेना म्हणून तोच कापला. इतका चांगला जाड कागद पुन्हा मिळाला नसता. एक बाही आणि एक पाठ, दोन नमुने निघाले.

त्याच वर्षी मामा आमच्याकडे राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे. हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पलीकडे आमचं गाव. तिथं त्यांनी सारा जन्म मेंढरं राखली. सासूबाई गेल्या, गुडघे गेले, मग मेंढरंही विकावी लागली. येताना त्यांनी एक पिशवी आणली आणि खांद्यावर काळी घोंगडी. शेवटच्या कातरणीची लोकर त्यांनी विकली नव्हती, तिची ही घोंगडी विणून घेतली होती. अख्ख्या कळपातलं एवढंच उरलं, असं ते आल्या आल्या सांगून मोकळे झाले. मी चहा ठेवला.

पण त्या घोंगडीनं मला छळलं. दमट हवेत तिला ओल्या एडक्याचा वास यायचा. त्यातून केस गळायचे, आणि ते कुठं जाऊन बसावेत? लग्नाच्या ब्लाउजवर. गिऱ्हाईक पिवळ्याधमक ब्लाउजवरचा काळा केस चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवायचं आणि मी शरमेनं अर्धी व्हायची. मी घोंगडी गच्चीवर टाकली, मामांनी आणली. जिन्याखाली ठेवली, मामांनी आणली.

दिवसभर करायचं काय, हा मामांचा खरा प्रश्न होता. आता काही चारायचं नव्हतं, हाकायचं नव्हतं. मग त्यांचं लक्ष पेटीकडे गेलं. सकाळ-संध्याकाळ ते काचेसमोर बसून मासे मोजायला लागले. पाच भरले की उठायचे. काळा मासा पंपामागं दडला आणि चारच भरले तर जेवायला यायचे नाहीत. काळा बाकीच्यांना ढुशा देतो म्हणून त्याला ते एडका, म्हणजे मेंढा, म्हणायचे. वीज गेली आणि पंप बंद पडला की मामा तांब्यानं पाणी वर-खाली करत बसायचे, आणि त्या काळात वीज जायची ती पाहुण्यासारखी, आली की कधी जाते आणि गेली की कधी येते ते ठरलेलं नसायचं. बघायला येणारा प्रत्येक जण एडका खाता येतो का ते विचारायचा. मामा म्हणायचे, आपण पाळलेलं आपण खात नाही. मेंढरं विकत होतात ती कोण खायचं, असं मी एकदा विचारलं. दुसऱ्यानं खाल्लेलं आपल्याला दिसत नाही, असं उत्तर मिळालं.

एकदा मामांनी एडक्याला आसरा म्हणून फुटक्या मडक्याचा गळा पेटीत सोडला. एडका त्यात शिरला, काटे ताठ केले आणि बुचासारखा बसला. पुढं जाईना, मागं येईना. मी वरवंटा आणायला धावले. मामांनी मला हातानं थांबवलं आणि अख्खी घोंगडी पेटीवर टाकली. त्याला कुणी बघत नाही असं त्याला वाटू दे, म्हणाले. मी माझ्या कामाला लागले. थोड्या वेळानं बघते तर एडका काच चाटत होता. मला तेव्हा एकच गोष्ट दिसली, की काचेच्या झाकणावर घोंगडीचे केस पडले आहेत.

दोनेक वर्षांनी ह्यांची बदली कुरुंद्याला झाली. तिकडे दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत मी नीटनेटकं दुकान मांडणार होते, आरसा लावणार होते, आणि मी सरळ सांगून टाकलं की त्या दुकानात घोंगडी येणार नाही. माझा स्वभाव असा तिरसट. मला वाटलं, वाद होईल, मी चार बोलेन, ते दोन बोलतील, शेवटी घोंगडी एखाद्या पेटाऱ्यात जाईल. मामांनी वाद घातलाच नाही.

“बराबर हाय तुझं,” ते म्हणाले. “माशायला नीट पोचवतो अन् मी मागं फिरतो. गोरेगावाहून जीप भेटती गावाला.”

गावातलं घर बंद होतं. तिथं चूल पेटवायलाही कोणी नव्हतं. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला आतून फार वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा कसा, ते मला कधी जमलेलं नाही. मी भांडी बांधत राहिले आणि भांड्यांवर राग काढत राहिले.

मासे हलवायचे कसे, यावर मात्र घरात सभा भरली. मी बाईंच्या कागदाची आठवण काढली आणि नमुन्यांच्या गठ्ठ्यातून बाही शोधून काढली. पहिला मुद्दा शाबूत होता. आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नये. दुसरा मुद्दा “काळा मासा जाळीने” इथपर्यंत होता आणि पुढं काख सुरू होत होती. ह्यांचं म्हणणं पडलं की पुढं “पकडावा” असणार. मामा म्हणाले, काटेरी जनावर जाळीत घाला असं लिहून द्यायला ती बाई वेडी नव्हती. पाठीचा नमुना काही सापडला नाही.

मग मामांनीच सगळं हातात घेतलं. त्यांचं साधं म्हणणं होतं, जनावर हलवायचं ते पहाटे, उपाशीपोटी, आणि त्याच्या ओळखीचं पाणी बरोबर घेऊन. पन्नास वर्षांत त्यांचं एकही मेंढरू वाटेत हरवलं नव्हतं. पेटीतलं जुनं पाणी त्यांनी दोन कॅनमध्ये भरून घेतलं. एडक्याला धरायला त्यांनी जाळी लावली नाही की हात लावला नाही. पाण्यातच डबा आडवा धरला आणि तो आपणहून आत जाईपर्यंत उकिडवे बसून राहिले. मी त्या वेळात दोन उशांना अभ्रे घातले.

इथपर्यंत सगळं चोख होतं. पण आमचे हे विज्ञानाचे शिक्षक. दुकानात मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत देतात, डब्यात नाही, असं म्हणून त्यांनी नांदेडहून खास पिशव्या आणल्या होत्या. सोनेरी एका पिशवीत, एडका दुसरीत. काटेवाल्याला पिशवीत काहून घालता, असं मामांनी दोनदा विचारलं. हे म्हणाले, दुहेरी पिशवी आहे. डबा रिकामा झाला तो मी लगेच घासून पोह्यांनी भरला आणि टेम्पोत सगळ्यात खाली गेला.

उजाडायच्या आत टेम्पो निघाला. हे पुढं ड्रायव्हरजवळ, मांडीवर सोनेरी मासे. मागं कपाट, मशीन, गाद्या आणि त्यांच्या खाचेत मी आणि मामा. मामांच्या मांडीवर एडका, खांद्यावर घोंगडी. औंढा मागं पडलं. ड्रायव्हर मधूनच ओरडून विचारायचा, “चाचा, मछली सो गई क्या?” आणि मामा दरवेळी मासा जागा असल्याचा निरोप द्यायचे.

शिरड शहापूर जवळ आलं तेव्हा माझं लुगडं ओलं झालं. आधी वाटलं कॅन सांडला. बघते तर एडक्याच्या काट्यानं पिशवी फाडलेली, दुहेरीतल्या दोन्ही, आणि पाणी भळाभळा वाहतंय. डबे तळाशी, बादल्या तळाशी, वर कपाट. हाताशी फक्त पिण्याच्या पाण्याची कळशी, तिचं तोंड एवढंसं. माझा तर आरडाओरडा सुरू झाला. मामांनी घोंगडीचा पदर कळशीच्या पाण्यात चिंब केला, एडक्याला त्यात घेतलं आणि वळकटी करून छातीशी धरलं. नुकतं जन्मलेलं कोकरू माळावरून घरी आणतात ते असंच. या माणसांना ओलं, गार पडलेलं लेकरू दिसलं की घोंगडीत घ्यायचं, एवढंच ठाऊक. कोकराला काटे नसतात.

शिरड शहापुरात चहाच्या टपरीवर टेम्पो थांबवला. टपरीवाल्यानं कारण न विचारता भरलेली बादली दिली, एवढा मोठा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मामांनी वळकटी पाण्यात धरून उलगडली. एडका जिवंत होता. कल्ले हलत होते. पण तो घोंगडीतून सुटेना. तिन्ही काटे लोकरीत आरपार शिरून ताठ झाले होते. मामांनी बोट लावलं की तो ते आणखी ताणायचा.

झालं, तिथं जत्रा भरली. एक जण म्हणाला गोडंतेल सोडा. दुसरा म्हणाला हळद लावा. त्या भागात डोकं दुखण्यापासून घर गळण्यापर्यंत सगळ्याला हळद लावतात. तिसऱ्यानं खाता येतो का ते विचारलं. आमच्या ह्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की काट्याच्या बुडाशी हाडाची खिटी असते, ती आतून बसते, म्हणजे कुलूपच. किल्ली कुठं असते असं ड्रायव्हरनं विचारल्यावर हे बादलीत वाकून बघायला लागले. माझी कात्री मी कधी सामानात टाकत नाही, पिशवीत माझ्याजवळच असते. मी ती बाहेर काढली.

“हितं न्हाई,” मामा म्हणाले. “घरी चला.”

पुढचा रस्ता आम्ही असा कापला: बादलीत मासा, माशाला घोंगडी आणि घोंगडीला मामा. टपरीवाल्यानं बादली नेऊ दिली, नंतर ह्यांनी ती परत पोचवली. खड्डा आला की मामा दोन्ही हातांनी बादली उचलून धरायचे. त्यांचे गुडघे दुखत असणार, पण चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा कामात असलेल्या माणसाचा भाव होता. मला रडू यायला लागलं आणि हसूही. मी दोन्ही पदराआड केलं.

कुरुंद्याला घरासमोर उतरलो. मामा बादली घेऊन उंबऱ्याशी आले आणि थांबले. ऊन वर आलं होतं.

“घोंगडी भाईर ठिवायची तर मासा बी भाईर ऱ्हाईल, पोरी,” ते म्हणाले. “बोल.”

“या आत,” मी म्हणाले. आणखी काय म्हणणार होते? माझ्या नव्या दुकानात पहिली घोंगडीच आली, ओली, वास मारणारी.

पेटी मांडली. जुनं पाणी ओतलं, त्यात तांब्या-तांब्यानं नवं मिसळलं. सोनेरी माशांची पिशवी आधी पाण्यावर तरंगू दिली, मग त्यांना सोडलं. चौघे पोहायला लागले. एडका कोपऱ्यातल्या बादलीत तसाच. मी दर दोन मिनिटांनी वाकून बघायची, नाहीतर बादली उजेडात सरकवायची. शेवटी मला धीर धरवेना. मी म्हणाले, मामा, असा किती वेळ जगेल तो? कापायला लागेल.

मामांनी घोंगडीकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या कात्रीकडं. मग ते खूप वेळ माझ्याकडंच बघत राहिले.

“काप,” म्हणाले.

रेशमाला बेधडक कात्री लावणारी मी, त्या दिवशी एकेक केस बघून कापत होते. मामांनी लोकर ताणून धरली आणि कातरणीला बसल्यासारखं हळू आवाजात सांगत राहिले. हलक्या हातानं. कातडीला लागू देऊ नको. मेंढराची लोकर परत येते, घोंगडीची येत नाही, असंही एकदा म्हणाले आणि मी जवळजवळ कात्री टाकून दिली. तळहाताएवढा तुकडा निघाला. एडका तो तुकडा शालीसारखा पांघरून पेटीत गेला आणि थेट मडक्याच्या गळ्यामागं अंधारात शिरला. मी चहा टाकला. कप हातात घेऊन परत येते तर लोकरीचा तुकडा एकटाच पाण्यावर तरंगत होता आणि एडका मागच्या काचेला चिकटला होता.

म्हणजे चहा होईपर्यंत थांबलो असतो तर भागलं असतं. मामांच्याही ते ध्यानात आलं असणार. ते एवढंच म्हणाले, “सुटलं,” आणि बशीत चहा ओतला.

घोंगडीला पडलेलं भोक मला बघवेना. ठिगळ लावल्याशिवाय त्यांना गावाकडं कसं पाठवायचं? काळं कापड नव्हतं. एका लग्नाच्या ब्लाउजचा मोरपंखी जरीचा तुकडा उरला होता, तोच दुहेरी दुमडून हातानं शिवला. मेंढपाळाच्या घोंगडीवर जरीचं मोरपंखी ठिगळ. मामांनी ते खांद्यावर पुढच्या बाजूला दिसेल असं घेतलं आणि कुरुंद्यात चक्कर मारून आले. ठिगळ होईस्तोवर ते थांबणार होते. मग म्हणाले, नव्या पाण्यात मासे रुळेस्तोवर. मग शिवारातली हळद काढून शिजेस्तोवर. त्यानंतर कुणी विचारलं नाही. घोंगडी दुकानातल्या खुंटीवर लागली, आरशाच्या बरोबर समोर, त्यामुळं आरशात बघणाऱ्या बाईला दोन घोंगड्या दिसायच्या.

काही महिन्यांनी गठ्ठ्यात तो पाठीचा नमुना सापडला. गळ्याच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: “...कशात अडकल्यास ओढू नये, कापू नये. पाण्यातच ठेवून अंधार करावा व दूर जावे. तो काटे आपणहून मिटतो.” मी तो कागद चुलीत घातला आणि कुणाला सांगितलं नाही. पण ठिगळावर नजर गेली की मी ती लगेच दुसरीकडं वळवायची. त्यांच्या अख्ख्या कळपातलं उरलेलं ते एवढंच, आणि त्याला मी कात्री लावली. कशासाठी, तर एका बाहीपायी.

तीन-चार वर्षं हे मनात दाबून ठेवलं. मग एका दुपारी मामा मासे मोजत असताना मी सगळं सांगून टाकलं. कागद, बाही, पाठ, चूल. मामांनी मोजणी पुरी केली. पाच भरले.

“ठावं व्हतं मला,” ते म्हणाले. “मडक्यातून कसा निघाला व्हता? इसरलीस?”

मला राग आला. म्हणजे राग यायला नको होता, पण आला. माहीत होतं तर मला थांबवायचं नाही का? मी इतकी वर्षं स्वतःचाच जीव खात होते. मामा शांतपणे खुंटीकडं बघत म्हणाले, “थांबवली असती तर मासा सुटला असता, अन् सांजच्याला घोंगडी अन् मी गावाकडं. तुझ्या हातचं ठिगळ लागल्याबिगर ती तुझी कशी व्हनार व्हती? सोताच्या हातानं शिवलेलं तू कधी भाईर टाकत न्हाईस. ते बी बघून ठिवलं व्हतं.”

मी मशीनवर बसले आणि उगाच रिकामी टीप घालत राहिले. तेवढ्या वेळात मामा उठून मागं हात बांधून बाहेर गेले, कळप कोंडून आलेला माणूस जातो तसे.

आता मामा नाहीत, एडकाही नाही. घोंगडी त्याच खुंटीवर आहे आणि तिचे केस अजून गळतात. अधूनमधून एखादी बाई नव्या ब्लाउजवरचा काळा केस चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवते. मी मान वर न करता सांगते, आमच्या कळपातला आहे, राहू द्या.